मेंढ्यांचा रंग

२१ डिसेंबर

उंटा,

तुझं पत्र परवा मिळालं. सात ओळी तू लिहिलेल्या आणि त्यातल्या पाच तुमच्या साहेबांनी काळ्या केलेल्या. उरल्या दोन. ‘मी बरा आहे’ आणि ‘ताई, मोजे पाठव’. मधे काय लिहिलं होतंस ते तुझं तुला ठाऊक. बाबा तो कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरून बसले. म्हणाले, "शाई हलकी मारलीय, एकदा धुतली तर खालचं दिसेल." मी म्हटलं, धुवा खुशाल, म्हणजे उरलेल्या दोन ओळीही जातील.

मोजे पाठवलेत, तीन जोड. तुझ्या मापाचे पाय दुकानदारांनी अजून पाहिलेले नाहीत, म्हणून मीच विणले.

इथे रंगखात्यात बारा हौदांपैकी दोनच चालू आहेत. सूत सगळं लष्कराकडे जातं. मी नमुनाखोलीत बसते, पण जुळवायला नमुनेच येत नाहीत. बाबा तर दुपारीच घरी येतात आणि माझा जीव खातात. रंगमास्तर रिकामा बसला की काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस. परवा समोरची बाई नवीन निळं पोलकं घालून हौसेने दाखवायला आली, तर हे तिच्या तोंडावर म्हणाले, "दोन धुण्यांत उडेल." बाई अजून माझ्याशी बोलत नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

पण आता एक सरकारी मागणी आली आहे. लष्कराच्या मेंढ्या चोरीला जातात म्हणे. म्हणून त्यांना असा रंग हवा की पाण्यात कालवून लांबून मारता यावा, लोकरीवर बसावा, कातडीवरही बसावा आणि तीन आठवडे काही केल्या जाऊ नये. बाबा दहा वर्षांनी लहान झालेत. डाव्या हातावर रोज एक पट्टा ओढतात आणि रोज साबणाने घासतात. सध्या त्यांचा हात म्हणजे आमची नमुन्यांची वही. पण एकही पट्टा पाच दिवसांच्या वर टिकत नाही.

चुलतबहिणीच्या लग्नाच्या फोटोत तू उजवा हात खिशात घालून उभा आहेस, आठवतं? तो हात तेवीस दिवस जांभळा होता. त्या दिवशी तू नक्की काय घोटाळा केला होतास ते लिही. तेव्हा मार चुकवायला बोलला नव्हतास. आता बोल, बाबा माफ करतील. खातं चालू राहील की बंद पडेल हे तुझ्या घोटाळ्यावर आहे.

शेंडेफळ कॉलेजात जातं. तू निघताना जे बजावलंस तेच मी त्याला सकाळ-संध्याकाळ बजावते: घरातला एक गेला, कायदा पुरा झाला, दुसऱ्याला कॉलेजात नाव असेपर्यंत हात लावत नाहीत, तेव्हा नाव टिकव आणि कुणाच्या नजरेत येऊ नकोस. त्यावर काय म्हणतो माहीत आहे? "ताई, नजरेत न येण्याची परीक्षा असते का? मी पहिला येईन." वीस वर्षांचा झाला तरी जीभ दहा वर्षांचीच.

पावाची रांग आता पोस्टाच्या पलीकडे जाते. रांगेत उभं राहिलं की सगळं कळतं. एक म्हणते माझा मुलगा तिकडे कशासाठी लढतोय ते मला एकदा कुणी समजावून सांगा. दुसरी म्हणते गप्प बस, भिंतीला कान असतात. भिंतींना कान आहेत की नाही माहीत नाही, तोंडं मात्र फुटलीत. रोज सकाळी माणसं येऊन चुना फासतात, संध्याकाळी पुन्हा ‘मुलं परत आणा’ लिहिलेलं असतं. बाबा चुन्याला नावं ठेवतात.

जपून राहा.

तुझी
ताई


११ जानेवारी

ताई,

मोजे पोचले. एक जोड मी घातला, एक आमच्या लंगड्या आचाऱ्याला दिला, तिसरा चोरीला गेला. मेंढ्यांसारखा आधी रंगवायला हवा होता.

काळ्या केलेल्या पाच ओळी हवेबद्दल होत्या. थंडी किती आहे ते तुम्हाला कळलं तर युद्ध हरू अशी साहेबांना भीती असावी.

आता हसू नकोस. घरच्या हौदाला कंटाळून मी म्हणालो होतो ना, की जाऊन येतो, निदान हात तरी स्वच्छ राहतील? इथे पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, रंगकाम कुणाला येतं? मी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. आता छावणीच्या मागच्या शेडमध्ये तीन पिंपं, एक भट्टी आणि मी. जुने कोट येतात, ते धुऊन गडद करायचे आणि पुन्हा कोठीत द्यायचे. काम आपल्या हातातलं आहे. गोळी लागायची भीती नाही, वाफेने भाजलो तरच. तेव्हा माझी काळजी करू नकोस.

माझा तो घोटाळा असा. त्या दिवशी मी आंबटाची, म्हणजे ॲसिडची, बरणी घासत होतो आणि हात न धुता तसाच जांभळ्याच्या हौदात घातला, काठी पडली होती ती काढायला. एवढंच. आंबट असलं की तो जांभळा कातडीत शिरतो. तेव्हा बाबांना सांग, रंगातच आंबट मिसळा, शंभराला चार, जास्त नको. वरून जाईल तेवीस-चोवीस दिवसांनी. नखांतून मात्र जात नाही. माझ्या नखांत तो चार महिने होता. नख वाढेल तसा पुढे पुढे सरकत गेला आणि शेवटी कापून काढला. पण मेंढ्यांना काय, त्या नखं बघत बसणार आहेत थोड्याच.

बाबांना म्हणावं, दहा वर्षांपूर्वीचा मार आता माफ झाला असं कागदावर लिहून द्या.

शेंडेफळाला आमच्या खोलीतली माझी टेबलाची बाजू वापरू दे. खिडकीचा उजेड तिथे चांगला येतो. आणि ताई, त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. मी इथे आहे ते त्याने तिथे राहावं म्हणून. हे त्याला सांगू नकोस, फुशारून जाईल.

तुझा
उंट


२० फेब्रुवारी

उंटा,

जमलं! शंभराला चार. बाबांच्या हातावरचा पट्टा आज सतराव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखा आहे. साबण झाला, राख झाली, रॉकेलही लावून पाहिलं. ते हात वर करून साऱ्या खात्यात हिंडले. मी इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, आई होती तेव्हासुद्धा. मार माफ. कागदावर लिहून देत नाहीत, पण ‘पोराचा हात फुकट गेला नाही’ असं चारचौघांत म्हणाले. त्यांच्याकडून हे म्हणजे पदकच समज.

चाळीस पिंपं भरून माल गेला. न्यायला लष्कराची गाडी येईल म्हणून आम्ही फाटकाशी उभे, तर आले अग्निशामक दलाचे बंब. मी बाबांना म्हटलं, मेंढ्यांना आग लागली की काय? ते म्हणाले, गाड्यांची टंचाई आहे, मिळेल त्याने नेतात. असेल.

आता पाच हौद चालू आहेत. तीन शेजाऱ्यांना काम परत मिळालं. लोक बाबांना रस्त्यात थांबून नमस्कार करतात.

बाकी शहराचं काही विचारू नकोस. गाडीचे कामगार आठवडाभर संपावर होते. मुलींच्या शाळेत आता जखमी ठेवलेत. त्यांचे पलंग आत मावत नाहीत, म्हणून बाकं बाहेर पावसाळी छपराखाली रचलीत. रोज कुठे ना कुठे मोर्चा. कालच्या मोर्चात आपला पोस्टमन होता, पिशवीसकट. तुझं पत्र त्याच पिशवीत असणार म्हणून मी त्याच्यामागून चार चौक चालले. म्हणजे मीही मोर्चात जाऊन आले म्हण.

शेंडेफळ शहाण्यासारखं वागतंय. तुझ्याच टेबलावर बसतं. खात्यातून टाकाऊ कापड आणून दे म्हणाला, मोठे नकाशे काढायचेत. मी पंधरा वार पांढरं आणून दिलं. नकाशे मित्राच्या घरी काढतात, तिथे जागा आहे. उशिरा येतो, पण थकलेला आणि खूश असतो. अभ्यासाने माणूस इतका खूश होतो हे मला नवीन आहे.

तुझी
ताई


१२ मार्च

ताई,

तुझं पत्र आत्ता मिळालं आणि उभ्या-उभ्याच लिहितोय.

बंब मेंढ्यांसाठी नसतात. आमच्या शेडमध्ये कोळसा आणणारा शिपाई महिन्यापूर्वी आपल्याच शहरातून आलाय. त्याला विचारलं. तो म्हणाला, मोर्चावर बंबाने पाणी मारतात, पण माणसं भिजून घरी जातात आणि मग ओळखू येत नाहीत. आता कळलं का रंग कशाला हवाय?

आणि पंधरा वार कापडावर कुणी नकाशे काढत नाही, माझी आई!

त्याला घरात ठेव. कोंडून ठेव. आजारी आहे म्हण. आणि तरीही अंगावर रंग आलाच, तर माझं एवढं ऐक: ब्लीच लावू नकोस. त्याने हा रंग जात नाही, फक्त मळकट होतो आणि कुणालाही कळतं की घासलाय. उलट त्याला खात्यात ने आणि साध्या जांभळ्यात कोपरापर्यंत हात बुडव, तोंडावरही शिंतोडे उडू देत. रंगाऱ्याचं पोर रंगलेलंच असतं. आपल्या गल्लीत पोलीस आले तर कुणाकुणाचे हात तपासतील?

अजून एक. तुला खोटं सांगितलं नव्हतं, पण खरंही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे येणारे कोट जुने झालेले नसतात. ज्यांचे असतात त्यांना पुढे कोट लागत नाही. मी डाग झाकले जातील इतका गडद रंग देतो, शिवणारे भोकं रफू करतात आणि नव्या माणसाला तो नवा म्हणून मिळतो. आठवड्याला साठ-सत्तर. हे वाचून तुला झोप येणार नाही, पण शेंडेफळाला इथे येऊ द्यायचं नाही म्हणजे काय ते तुला कळायला हवं.

साहेब हे खोडतील, म्हणून कोठीतल्या कारकुनाकडून दुसऱ्या वाटेने पाठवतोय. पोचेल तेव्हा पोचेल.

उंट


१५ मार्च

उंटा,

कुठून सुरुवात करू?

नऊ तारखेला मोठ्या चौकात मोर्चा होता. कॉलेजं, गाडीवाले, पावाच्या रांगेतल्या बाया, सगळे. मी खात्यातून नुकतीच घरी आले होते. दुपारी तीनला शेंडेफळ मागच्या दाराने आला. डोक्यापासून कमरेपर्यंत जांभळा. केस, कान, पापण्या. दात तेवढे पांढरे. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मी मेंढी."

मी त्याच्या मुस्कटात मारली. मग त्याला धरून रडले. बाबा खुर्चीवर बसून होते. एकच म्हणाले, "एकसारखा बसलाय." मला वाटतं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही काय बोलले ते.

मी काय करणार? नमुनाखोलीतून ब्लीच आणलं. चार दिवस त्याला मोरीत बसवून घासत होते. त्याची कातडी सोलली, पण त्याने हूं की चूं केलं नाही. उलट मलाच सांगत होता, मोर्चा किती शांत होता, पुढे सैनिकांच्या आया होत्या, पंधरा वार कापडावर ‘आमचे भाऊ परत द्या’ लिहिलं होतं. "दादासाठी गेलो होतो, ताई," म्हणाला. मी म्हटलं दादा तुझ्यासाठी गेलाय, आणि तू दादासाठी जातोस. कुणीतरी एक जण घरी बसा रे! चौथ्या दिवशी तोंडावरचा रंग राखाडीवर आला. कान आणि मान राहिली.

तेराला फौजदार आला. घरोघर हात आणि माना बघत होते. मी सांगितलं, हा खात्यात मदतीला येतो. आमच्या तिघांचेही हात रंगलेले. त्याला पटलंही होतं. पण मग कळलं कसं कोण जाणे. समोरच्या बाईने सांगितलं असेल. पोलक्याचा राग होताच तिला. त्याला घेऊन गेले.

काल एका खोलीत एकोणनव्वद जणांचा निकाल झाला, अर्ध्या तासात. कॉलेजातून नावं कापली. तुरुंग नाही. ‘ज्यांना सैनिकांची इतकी काळजी आहे त्यांनी त्यांच्याजवळ जावं’ असं न्यायाधीश म्हणाले आणि खोलीतले काही जण हसले. सहा आठवडे कवायत आणि मग तिकडे.

तू साहेबांशी बोल. तुझ्या शेडमध्ये ठेवून घे त्याला. तू म्हणालास ना, तिथे भीती नाही. मला तेवढाच आधार आहे.

ताई


६ एप्रिल

ताई,

माझं बारा तारखेचं पत्र तुला आता मिळालं असेल. ते वाचून स्वतःला खाऊ नकोस. तीन आठवड्यांचा रस्ता आहे, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार.

पण त्या बाईला मी सोडणार नाही. एका पोलक्यापायी माणसाचं पोर द्यायचं? आमच्या तुकडीतले दोघं पुढच्या महिन्यात रजेवर येताहेत. मी त्यांना घर सांगून ठेवलंय. मारणार नाहीत, पण तिच्या दारात उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतील. तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे. इथून दुसरं काही होत नाही.

साहेबांशी बोललो. ‘माणूस आला की बघू’ म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

शंभराला चार मी लिहिलं, ताई. रोज पिंपात आंबट ओतताना हात थांबतो.

उंट


२९ एप्रिल

चिरंजीवास आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. हिशेबाच्या वहीपलीकडे मला लिहिता येत नाही. पण तुझी माणसं समोरच्या बाईच्या दारात येण्याआधी तुला कळलं पाहिजे. ती बाई निर्दोष आहे. तुझ्या ताईने तुला खरं सांगितलं नाही, ते माझ्यासाठी.

फौजदार वाईट नव्हता. आमचे हात पाहिले, हसला, जायला निघाला होता. दारात थांबून त्याने धाकट्याचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि मला म्हणाला, "मास्तर, खात्यात लागलेला असो की चौकात, तुमचा रंग काही खरा नाही. कागदावर तीन आठवडे लिहून दिलंत, आणि हा बघा, आत्ताच उडालाय."

मी म्हणालो, "माझा रंग उडत नाही. ह्याला ब्लीच लावलंय."

तोंडातून गेलं. पुढे मागे काही मनात नव्हतं. चाळीस वर्षं कुणी रंगाला नाव ठेवलं की मी हेच बोलतो, तसंच बोललो.

फौजदाराने मागे वळून पाहिलं. त्यालाही ते ऐकायला नको होतं असं मला वाटलं. पण बरोबर दोन शिपाई होते, त्यांनी ऐकलं होतं. मग त्याने कागद काढला. ताई किंचाळली. धाकटा माझ्याकडे बघून हसला. रागाने नाही. लहानपणी मी कुणाच्या कापडाला नावं ठेवली की माझ्या मागे लपून हसायचा, तसा. मला ते हसू सहन होत नाही.

सरकारची दुसरी मागणी आली, ऐंशी पिंपांची. मी नाही म्हणालो. कृती वहीत लिहिलेली होती. त्यांनी वही नेली. आता दुसरा कुणी करतो, माझ्याशिवाय.

मी समोरच्या बाईकडे जाऊन माफी मागितली. तिला कशाबद्दल ते कळलं नाही. तिला वाटलं पोलक्याबद्दल. म्हणाली, "जाऊ द्या मास्तर, खरंच उडालं ते."

तू त्याला सांभाळ. हे सांगायचा मला अधिकार नाही.

बाबा


२४ मे

बाबा आणि ताई,

हे पत्र लंगडा आचारी हातोहात आणून देईल. त्याला आता घरी सोडलंय. त्याला जेवायला घाला आणि माझे मोजे परत मागू नका.

बाबा, आधी तुमचं. कृती मी लिहून पाठवली. कापड आणि ब्लीच ताईने आणलं. तुम्ही एक वाक्य बोललात. तिघांनी आपापलं काम नीट केलं, आणि त्याचं हे झालं. मला तुमचा राग येत नाही. आला असता तर बरं झालं असतं. रजेवरच्या त्या दोघांना मी अडवलंय.

परवा सकाळी नवीन माणसं आली, बासष्ट. मी फाटकाशी उभा होतो. सगळ्यांची डोकी भादरलेली, सगळे सारखे दिसत होते. मी तीनदा रांग पाहिली आणि मला तो सापडेना, ताई. माझा भाऊ मला ओळखू येईना. मग एकाने लांबून दोन्ही हात वर केले आणि बोटं पसरली. दहाही नखांच्या टोकांना जांभळी कड. पळत आला आणि म्हणाला, "दादा, बघ अजून आहे. बाबांना सांग."

तुम्हाला सांगायला हवं म्हणून सांगितलं.

मी त्याला तसाच साहेबांकडे नेला. म्हटलं, हा माझा भाऊ, रंगमास्तरचा मुलगा, शेडमध्ये माणूस कमी आहे. साहेब चांगल्या मनःस्थितीत होते. म्हणाले, काम येत असेल तर ठेव, मला काय. तिथेच खुंटीवर एक कोट होता. त्याच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "सांग, हा काळा करायचा तर आधी काय करशील?"

आपल्या खात्यातली मांजरंसुद्धा सांगतील, आधी सोड्यात उकळायचा. मी साहेबांच्या मागून ओठ हलवत होतो. शेंडेफळाने माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "रंगात बुडवीन."

सगळे हसले. साहेबही हसले. "तुझ्या भावाला शिकवलं नाहीस वाटतं," म्हणाले आणि त्याचं नाव पुढच्या डोंगरावरच्या तुकडीत लिहिलं.

नाहीच शिकवलं. आठवतं ताई, तो हौदाकडे आला की आपण तिघंही ओरडायचो, दूर हो, हात खराब होतील, जा पुस्तक घे. घरातला एक तरी हात स्वच्छ राहू दे म्हणून. मी साहेबांच्या पाया पडलो. हे लिहायची लाज वाटत नाही. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, बासष्ट जणांचे बासष्ट भाऊ असतात.

संध्याकाळी कोठीतून कोट वाटायचे होते. मी कारकुनाला म्हटलं, ह्याचा कोट मी देतो. ढिगाऱ्यात बसून मी तासभर कोट शोधत होतो. छातीवर रफू, पाठीवर रफू, पोटावर रफू. सगळ्यांना माझ्याच हातचा रंग. शेवटी एक मिळाला, त्याला फक्त डाव्या बाहीवर रफू होतं. बाहीवर म्हणजे माणूस वाचला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वाचलेल्याचा कोट इथे येत नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगितलं.

त्याने घातला. बाह्या लांब होत्या, मी दुमडल्या. रफूवरून बोट फिरवून म्हणाला, "हे कशाचं?" मी म्हटलं, खिळ्याला अडकला होता. त्याने मान हलवली. लहानपणी आपण आई गावाला गेलीय असं सांगितलं होतं, तेव्हा हलवली होती तशीच. मग म्हणाला, "रंग छान आलाय."

ताई, मी इथे आहे ते त्याने तिथे राहावं म्हणून, असं तुला लिहिलं होतं. आता मी इथे कशाला आहे?

काल पहाटे ते निघाले. वळणापर्यंत हात वर दिसत होते.


५ जून

आचारी अजून निघालेला नाही, गाडी मिळत नाही. म्हणून चार ओळी जोडतो.

एक गोष्ट आधी लिहिली नाही. कोट त्याला देण्याआधी मी त्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेशी, जांभळ्या रंगाचा एक ठिपका दिला. डाळीएवढा. आंबट घालून, म्हणजे धुऊनही जाणार नाही. त्याला सांगितलं नाही.

डोंगरावरून दर दोन-तीन दिवसांनी गाठोडी येतात. आधी मी ती उघडून सरळ सोड्यात टाकायचो, बघायचो नाही. कोळशाचा शिपाई मला हसायचा, म्हणायचा डोळे मिटून काम करतोस. आता मी गाठोडं भट्टीशी नेत नाही, आधी दाराशी नेतो. तिथे उजेड चांगला आहे. एकेक कोट घेतो आणि कॉलर उलटून पाहतो. मग पुढचा.

आज सत्तावीस आले. सगळे पाहिले. आजच्या गाठोड्यात तो नाही.

उंट